दत्तक पोपट फक्त सूर्यफूल खातो, हाताला चावतो आणि सुधारला तरी पुन्हा मूळपदावर येतो: काय करायचं?

तक्रार साधारण अशी असते. कुणाची परदेशी बदली झाली, कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाला दम्याचा त्रास सुरू झाला, म्हणून त्यांचा कॉकेटील किंवा सन कॉन्युर जातीचा पोपट तुमच्या घरी आला. सोबत पिंजरा, दोन वाट्या आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आली. पक्षी वर्षानुवर्षं त्याच बिया खात आलाय. तुम्ही गाजर ठेवलंत, त्याने ते वाटीबाहेर फेकलं. महागाच्या पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या आणल्यात, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी बदलायला हात आत घातला की चोच रुतते. नेटाने मागे लागलं की आठवडाभर थोडं जमतं, आणि मग एक दिवस सगळं पहिल्यासारखं होतं.

खाणं आणि चावणं या दोन वेगळ्या तक्रारी समजून लोक दोन वेगळे उपाय करत बसतात. पक्षी निरोगी असेल तर दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: पिंजऱ्यात दिवसभर भरलेली बियांची वाटी. सर्वांत आवडीचं खाणं चोवीस तास समोर असताना गाजराची चव घ्यायला त्याला कारण नसतं, आणि तुमच्या हाताकडे यायलाही नसतं. हात आत येतो तो वाटी काढायला, कागद बदलायला नाहीतर त्याला पकडायला. वाटीची वेळ बदलली की खाणं आणि हात या दोन्ही गोष्टी एकत्र हलायला लागतात.

काहीही बदलण्याआधी

आजारी पक्ष्याचं खाणं बदलायचं नसतं. पक्षी आपलं आजारपण शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे बारीक खुणा बघाव्या लागतात. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी खालीवर होणं, नाकपुड्यांभोवती ओल किंवा खपली, बुडाशी चिकटलेली विष्ठा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही दिसलं नाही तरी पहिल्या आठवड्यात एक तपासणी करून घ्याच. मुंबईत पशुवैद्य पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची रोजची सवय कुत्र्या-मांजरांची. फोनवर सरळ विचारा, 'तुमच्याकडे पोपट तपासतात का?' परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, जाणार असाल तरी पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारूनच निघा. पावसात पिंजरा घेऊन लोकलने हेलपाटा घालणं त्या पक्ष्यासाठी फार वाईट असतं. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा, वाट्याही वेगळ्या ठेवा. पोपटांमधला सिटॅकोसिस हा आजार माणसांनाही होतो, म्हणून विष्ठेचा कागद उचलल्यावर हात साबणाने धुणं घरातल्या प्रत्येकाला लागू.

पक्षी कोणत्या जातीचा आहे तेही बघा. गळ्याला काळा-गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट आणि खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट हे भारतातले वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात पाळता येत नाहीत, मग कुणी कितीही मायेने दिलेला असो. असा पोपट तुमच्याकडे आला असेल तर त्याला खिडकीतून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर खाणं शोधता येत नाही आणि कावळे त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, ते पुढचं सांगतील. सन कॉन्युर, ग्रीन चीक कॉन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पोपटांची २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते, आणि पक्षी एका घरातून दुसऱ्या घरी गेला तर तेही कळवावं लागतं. दत्तक घेतानाच जुन्या मालकांकडून कागद मागून घ्या, नंतर ते परदेशी असतात आणि काम अडतं. कॉकेटील, बजरीगर आणि पीचफेस लव्हबर्ड ही मंडळी या यादीत नाहीत.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या. पोपट बी सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. संध्याकाळी लांबून बघितलं तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते, प्रत्यक्षात तिच्यात निव्वळ फोलपटं असतात. नवीन घरात पक्षी उपाशी राहतो तो बऱ्याचदा यामुळे. वाटीवर फुंकर मारायची, उडेल ते फोलपट, राहील ते खाणं.

बी इतकी वाईट का

बी विष नाही. सूर्यफुलाच्या सोललेल्या दाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. रानातला पोपट दिवसभरात कित्येक मैल उडतो, त्याला ते तेल जिरतं. आपल्या वन बीएचकेमधला पोपट पिंजऱ्याच्या दांडीवरून झोक्यावर आणि झोक्यावरून दांडीवर जातो. तेल यकृतात साठतं. शिवाय या बियांत अ जीवनसत्त्व जवळपास नसतं आणि कॅल्शियम कमी असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंड, नाक, सायनस यांच्या आतल्या अस्तराची ताकद जाते, आणि मग सारखं शिंकणं, नाक चोंदणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग सुरू होतो. 'आमच्या पक्ष्याला मुंबईची हवा मानवत नाही' असं म्हणणाऱ्या घरी मी सगळ्यात आधी वाटी बघते.

दुकानात यावर पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब सांगतात. मी ते सुचवत नाही. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, आणि आपल्या दमट हवेत गोड पाण्यात जंतू काही तासांत वाढतात. ग्रिट नावाची बारीक खडीही विकतात. कबुतरं दाणा अख्खा गिळतात, त्यांना ती लागते. पोपट दाणा सोलून खातो, त्याला लागत नाही आणि जास्त खाल्ली तर आतडं तुंबू शकतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेन पिंजऱ्याला अडकवून ठेवा, ते पुरेसं आहे.

वजनकाटा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. तो नसेल तर खालचं काहीही सुरू करू नका, इतक्या स्पष्टपणे सांगते. छोट्या पक्ष्याच्या अंगात साठा फार कमी असतो. एक-दोन दिवस काहीच न खाल्लेला कॉकेटील दगावू शकतो. 'भूक लागली की खाईल आपोआप' हा माणसांच्या मुलांसाठीचा सल्ला इथे जीव घेऊ शकतो, कारण कित्येक पोपटांना पेलेट हे खाणं आहे हेच ओळखता येत नाही.

रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी वजन करायचं. काट्यावर एक लाकडी दांडी किंवा उथळ डबा ठेवा, वजन शून्य करून घ्या आणि पक्ष्याला त्यावर बसू द्या. अजून हातावर येत नसेल तर छोट्या पिंजऱ्यासकट वजन करून पिंजऱ्याचं वजन वजा करा. कॉकेटीलचं वजन साधारण ८० ते ११० ग्रॅम, सन कॉन्युरचं १०० ते १३० ग्रॅम. पण या आकड्यांपेक्षा तुमच्या पक्ष्याचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा. पहिला आठवडा खाणं अजिबात न बदलता फक्त वजन लिहून ठेवा. तो त्याचा पाया. पुढे त्यात पाच टक्के घट दिसली तर वेग कमी करा, दोन पावलं मागे या. दहा टक्के घट झाली तर जुनं खाणं लगेच परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा. ९० ग्रॅमच्या पक्ष्यात दहा टक्के म्हणजे फक्त नऊ ग्रॅम. डोळ्यांनी ते दिसत नाही, फुगलेल्या पिसांखाली लपतं.

काट्याबरोबर रोजचा कागदही बघा. विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवतीचं पाणी. विष्ठा थोडी, काळपट हिरवी आणि पातळ झाली तर पक्षी खात नाहीये, वाटी काहीही सांगो. बीट खाल्ल्यावर ती लाल दिसते, तेव्हा घाबरू नका.

वाटीची वेळ

रानात पोपट उजाडल्यावर आणि दिवस कलताना असे दोनदा पोटभर खातात. आपल्याला हेच वेळापत्रक घरात आणायचं आहे. पाया म्हणून जो आठवडा धरलात त्यात रोज किती बिया संपतात ते फोलपटं काढून मोजून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच बिया सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन हप्त्यांत द्या, अर्ध्या-पाऊण तासाने वाटी काढून घ्या. वजन स्थिर राहिलं की पुढचं पाऊल: सकाळी उठल्याबरोबर, भूक कडकडून असते तेव्हा, आधी भाजीची वाटी, आणि तासाभराने बियांची. दिवसा बियांऐवजी पेलेट्सची वाटी पिंजऱ्यात राहू दे. तो खाणार नाही. राहू दे. ओळख होणं हेही काम आहे.

भाजी एकदा-दोनदा नाकारली म्हणून 'आमच्याला भाजी आवडत नाही' असा निकाल लावू नका. तीच भाजी पंधरा-वीस वेळा दिसल्यावर एखाद्या सकाळी चोच लागते. रूप बदलून बघा. कॉकेटील जमिनीवरचे बारीक दाणे टिपणारा ऑस्ट्रेलियातला पक्षी आहे. त्याला गाजराचा मोठा तुकडा परका वाटतो, पण किसलेलं गाजर त्याच्या ओळखीच्या बाजरी किंवा राळ्यात मिसळून उथळ ताटलीत पसरलं तर टिपता टिपता थोडं पोटात जातं. कॉन्युरला उलट पायात धरून फोडायला आवडतं: मक्याच्या कणसाची चकती, सिमला मिरचीचं बियांसकट देठाकडचं टोक, तोंडलं. शेवग्याचा किंवा कोथिंबिरीचा ओला झुपका वरून टांगा. कित्येक पक्षी आधी त्यात अंघोळ करतात आणि मग पान कुरतडतात. शेवग्याच्या पानांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर, आणि दादरच्या भाजी मंडईपासून दारावरच्या भाजीवाल्यापर्यंत कुठेही मिळतात. माझ्या मते मुंबईतल्या पोपटासाठी याहून चांगली भाजी नाही. त्यानंतर लाल भोपळा, गाजर, वाफवलेलं रताळं, मेथी, लाल माठ. पालक अधूनमधून. मोड आलेले मूग आणि मटकी चालतात. राजमा आणि वालासारखी मोठी कडधान्यं कच्ची कधीही नाहीत.

आपले जुने लोक पोपटाला मिरची द्यायचे, ते बरोबरच होतं. मिरचीतल्या ज्या घटकाने आपल्याला तिखट लागतं त्याची जाणीव पक्ष्यांना होत नाही, आणि तिच्यात जीवनसत्त्वं भरपूर असतात. लाल मिरची तर अनेकदा भाजीकडे जाण्याचा पहिला पूल ठरते. पेरू, डाळिंब, पपई ही फळं दिवसाला एक-दोन फोडी, जास्त नको. सफरचंद द्यायचं तर बिया काढून. पेलेट्स मात्र सुक्या ठेवून भागत नसेल तर कुटून ओल्या भाजीवर भुरभुरवा, नाहीतर डाळिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून मऊ करा. आणि त्याच्यासमोर बसून तुम्ही खा. पोपट थव्यात खाणारा प्राणी आहे. घरातली माणसं चवीने काहीतरी खाताना दिसली की त्याची मान लांब होते. तुमच्या ताटलीत त्याला चालणारी काकडी-गाजराची फोड असू दे, त्याला मागू दे.

याच ताटलीमुळे घात होतो तोही सांगायला हवा. चहात बुडवलेली पोळी, फरसाण, खारे शेंगदाणे, बिस्किट, खिचडीतला कांदा-लसूण हे सगळं बंद. चॉकलेट, चहा, कॉफी विषारी आहेत. अॅव्होकाडो तर थोडासाही नको, त्यातलं पर्सिन पक्ष्याच्या हृदयावर परिणाम करतं. दूध पक्ष्यांना पचत नाही.

हा सगळा बदल काही पक्षी तीन-चार आठवड्यांत स्वीकारतात, म्हातारे पक्षी कित्येक महिने घेतात. कॉकेटीलच्या आहारात थोड्या बिया कायम राहिल्या तरी हरकत नाही. बिया शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नका, कारण पुढच्या कामाला त्या लागणार आहेत.

हात

वाटीतून बाहेर आलेल्या बियांचं आता चलन झालंय. सूर्यफुलाची बी यापुढे वाटीत भरून ठेवायची नाही, ती फक्त माणसाच्या हातून एकेक मिळायची.

पहिले काही दिवस हात आत घालून काहीही मागू नका. पिंजऱ्याजवळून जाताना एक बी बाहेरून त्याच्या वाटीत टाका आणि पुढे निघा. तुम्ही आलात की चांगलं काहीतरी घडतं आणि तुम्ही काही मागत नाही, एवढं त्याला कळलं की तो तुम्हाला बघून पुढच्या दांडीवर यायला लागेल. मग बी सळ्यांमधून बोटांच्या चिमटीत धरा. घेतली तर 'शाब्बास' म्हणा, एकाच सुरात, दरवेळी तोच शब्द.

त्यानंतर काडी. आइस्क्रीमची लाकडी काडी सळ्यांजवळ धरा. पोपट कुतूहलाने तिला चोच लावतो. लावली त्या क्षणी 'शाब्बास' आणि बी. काडी दोन बोटं डावीकडे, पुन्हा चोच, पुन्हा बी. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी. तो कंटाळण्याआधी थांबायचं. काडीमागे तो पिंजराभर फिरायला लागला की तिच्या मदतीने त्याला उघड्या दारापर्यंत, दारावरून हातात धरलेल्या दांडीवर, आणि दांडीवरून दांडीला चिकटून ठेवलेल्या बोटावर नेता येतं. इथे हात त्याच्या अंगावर चालून जात नाही, तो स्वतःच्या पायांनी हाताकडे येतो, आणि नको असेल तर परत जाऊ शकतो. दुसऱ्या घरातून आलेल्या, कधीतरी टॉवेलात पकडल्या गेलेल्या पक्ष्यासाठी ही मोकळीक फार मोठी असते. हातमोजे घालू नका. मोज्याच्या हातामागे असलेल्या माणसाशी त्याची मैत्री होत नाही, आणि मोजा काढला की पहिल्यापासून सुरुवात.

बोटावर येताना तो आधी चोच पुढे करतो तेव्हा बहुतेक लोक दचकून हात मागे घेतात. ते चावणं नसतं. पोपट चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतो. फांदी पक्की आहे का हे तो आधी चोचीने तपासतो. बोट डगमगलं तर त्याचा विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी तो खरोखर घट्ट धरतो. बोट स्थिर ठेवा.

खरं चावण्याआधी तो सांगतो. कॉकेटीलचा तुरा मागे सपाट होतो, तोंडातून फिस्स आवाज येतो. कॉन्युरच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात, मान ताठ होते, अंग एका बाजूला कलतं. हे दिसलं की तिथेच थांबा, हात अर्धा वीत मागे घ्या, आणि तो सैल झाला की मग बी द्या. चावल्यावर हात निघून जातो हे पक्षी एकदा शिकला की ते विसरायला फार वेळ लागतो. नुसता तुरा सपाट केला तरी माणूस ऐकतो हे शिकला तर त्याला चावायची वेळच येत नाही. तरीही चावलाच तर ओरडू नका, चोचीवर टिचकी मारू नका, तोंडावर फुंकर मारू नका. त्याला शांतपणे जवळच्या दांडीवर ठेवा आणि आठ-दहा सेकंद दुसरीकडे बघा. पिंजऱ्यात डांबण्याची शिक्षा तर नकोच. पिंजरा हे त्याचं घर आहे, तुरुंग होता कामा नये.

पुन्हा मूळपदावर का येतो

बहुतेक घरांत कारण तेच निघतं: घरातलं कुणीतरी प्रेमापोटी वाटी भरतं. सकाळी आठला निघालेली माणसं रात्री आठला परततात, दिवसभर घरी असतात ते आजी-आजोबा. समोर पक्षी ओरडतोय, भाजी तशीच पडलीय, आणि आजी म्हणते, 'उपाशी ठेवताय बिचाऱ्याला.' मूठभर बिया वाटीत जातात. हे चूक ठरवून भांडण करू नका. आजीचं म्हणणं मनापासूनचं आहे, आणि तिच्याकडे जो वेळ आहे तो तुमच्याकडे नाही. सकाळी मोजलेल्या बिया एका छोट्या डबीत तिच्या हाती द्या आणि सांगा, 'या तुम्हीच द्यायच्या, पण वाटीत नाही, हातून एकेक.' संध्याकाळचं शिकवणं तिच्याकडे सोपवा. मी पाहिलंय, अशा घरांत पक्षी सर्वांत आधी आजीच्या बोटावर जातो. रोजचं वजन एका कागदावर लिहून फ्रिजला लावलं की 'उपाशी आहे' या काळजीलाही उत्तर मिळतं.

दुसरं कारण आपली हवा. जूनपासून चिरलेली भाजी, भिजवलेली डाळ, मोड आलेले मूग दीड-दोन तासांत आंबूस होतात. पक्ष्याचं पोट एकदा बिघडलं की घरचे घाबरून परत सुक्या बियांवर येतात. पावसाळ्यात भाजीची वाटी तासाभराने उचला, कडधान्याला वास किंवा चिकटपणा आला तर फेकून द्या, आणि दिवसाच्या मधल्या वेळेसाठी सुक्या पेलेट्स थोड्याच काढा, कारण त्याही नरम पडतात. बिया आणि शेंगदाणे सुटे, पोत्यातले घेऊ नका. दमट शेंगदाण्यावर जी बुरशी धरते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला मारतं. छोटी पाकिटं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

पिसं गळण्याच्या काळात पक्षी चिडका होतो, नवी पिसं फुटताना स्पर्श दुखतो. त्या आठवड्यांत नवीन काही शिकवू नका, उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा अधूनमधून द्या आणि अंघोळीला पाणी ठेवा. याहून वेगळी गोष्ट म्हणजे वयात आलेला पक्षी एकाएकी पिंजरा राखायला लागतो. पाठीवरून हात फिरवणं, पिंजऱ्यात टांगलेलं कापडी घरटं, कपाटाखालचा अंधारा कोपरा यांनी त्याला वीण करायची वेळ झाली असं वाटतं. कुरवाळायचं ते फक्त डोक्यावर. कापडी घरटं काढून टाका. झोप दहा-बारा तासांची हवी, आणि टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही. रात्री आतल्या खोलीत पिंजरा नेणं जागेअभावी जमत नसेल तर निदान एक छोटा पिंजरा फक्त झोपेसाठी ठेवा. कॉकेटील रात्री दचकून अंधारात फडफडतात, त्यांना मंद दिवा लागतो. दिवाळीच्या फटाक्यांत आणि विसर्जनाच्या ढोल-ताशात तर नक्कीच.

आपल्या घरातले धोके

नॉनस्टिक तवा, एअर फ्रायर, सँडविच टोस्टर: त्यांचा थर जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. स्वयंपाकघर आणि हॉल एकच असलेल्या घरात मी बिडाचा किंवा लोखंडी तवाच वापरा असं सांगेन. फोडणीचा धूर, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर यांपासून पिंजरा दूर हवा. पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद, खिडकीला जाळी. पिंजरा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवू नका. कावळे सळ्यांतून पाय ओढतात, आणि वर बसलेल्या कबुतरांची विष्ठा थेट वाटीत पडते.

गावी जाताना

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी जाताना पक्षी शेजाऱ्यांकडे राहतो, आणि सगळी मेहनत त्या आठ दिवसांत पाण्यात जाते. शेजाऱ्यांना तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर एवढं लिहा: रोजचं वजन किती असतं आणि किती खाली गेलं की फोन करायचा, भाजी सकाळी सातला, तासाने उचलायची, रोजच्या बिया पुड्या करून ठेवल्यात, एका दिवसाला एकच पुडी, वाटीवर फुंकर मारून बघायची, पंखा, खिडकी, नॉनस्टिक, काय अजिबात द्यायचं नाही, तुरा सपाट झाला तर हात मागे. प्रवासाच्या आठवड्यात पक्ष्याने भाजी नाकारली आणि वजन उतरू लागलं तर बिया वाढवायला त्यांना मोकळीक द्या, परत आल्यावर दोन हप्त्यांच्या पायरीपासून पुन्हा सुरू करता येतं. चिठ्ठीच्या तळाशी पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर आणि तिथे पोचायचा पत्ता.